गाडीचं वापरलेलं सामान घेताना

भिलाईत गाडीचं वापरलेलं सामान आपल्या हाती तीन वाटांनी येतं. पहिली वाट घरगुती. टाउनशिपमधलं एखादं कुटुंब निवृत्तीनंतर क्वार्टर रिकामं करून नागपूर-पुण्याकडे निघतं आणि छतावरचा कॅरिअर, नातवाची सीट, पडून असलेला टायर ओळखीत विकून टाकतं. दुसरी वाट सुपेला, पॉवर हाउस आणि जी. ई. रोडच्या कडेच्या दुकानांची, गॅरेजांची आणि कबाड्यांची. तिसरी मोबाइलवरच्या जाहिरातींची. तिथे विकणारा रायपूरचा आहे, नागपूरचा आहे की मुळात आहे तरी का, हे फोटोवरून कळत नाही.

ॲक्सेसरीज म्हणजे ज्यांच्यावाचून गाडी अडत नाही, पण सोय, शोभा किंवा सुरक्षा म्हणून आपण जोडतो त्या वस्तू: म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील, जादा दिवे, सीट कव्हर, मॅट, कॅमेरा. टायर आणि बॅटरी हे खरं तर गाडीचे आवश्यक भाग. पण तेही याच बाजारात, याच पद्धतीने विकले जातात, म्हणून त्यांचाही विचार इथे केला आहे.

नव्या वस्तूची हमी कंपनी देते. वापरलेली वस्तू तपासायचं काम मात्र आपल्याकडे येतं आणि किमतीत जी सूट मिळते ती त्या कामाची मजुरी समजावी. म्हणून प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: हिच्यावर आजवर काय गुजरलं, ते तपासून कळेल का? कळत असेल तर पुढे जावं. कळत नसेल तर ती फुकट मिळाली तरी महागच पडते.

पायरी १: जे घ्यायचंच नाही ते आधी ठरवा

एअरबॅग, म्हणजे अपघातात क्षणार्धात फुगणारी पिशवी, वापरलेली कधीही घेऊ नये. तिच्यात एकदाच पेट घेणारा रासायनिक दारूगोळा असतो. तो शाबूत आहे का, ती पाण्यात बुडालेल्या गाडीतून काढली आहे का, हे बाहेरून पाहून कुणालाच सांगता येत नाही. एअरबॅगसह विकलं जाणारं ‘स्पोर्ट्स’ स्टिअरिंगही यातच आलं.

सीट बेल्टचंही तसंच. अनेक गाड्यांत धडकेच्या क्षणी पट्टा आवळून धरणारी यंत्रणा असते आणि ती एकदाच चालते. शिवाय जोराचा झटका सोसलेला पट्टा आतून ताणला गेलेला असू शकतो, आणि वरून तो नव्यासारखाच दिसतो.

सीएनजीची जुनी टाकी दुसऱ्याच्या गाडीतून काढून आपल्या डिकीत बसवणं हा थेट जिवाशी खेळ आहे. या टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी करावी लागते आणि किटची नोंद आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी पत्रावर, असावी लागते. कागद नसलेल्या टाकीची कुठलीच माहिती आपल्याला मिळत नाही.

सीट बेल्टच्या खाचेत अडकवून इशारा बंद करणारी छोटी क्लिप नवी-जुनी कुठलीच घेऊ नये. २०२३च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन विक्रेत्यांना ती विकणं थांबवायला लावलं आणि तेरा हजारांहून अधिक जाहिराती काढून टाकायला लावल्या.

लहान मुलाच्या सीटबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण ती टाउनशिपमध्ये प्रेमाने दिली-घेतली जाते. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य सीट नसेल, तर हजार रुपये दंड आहे. ही सीट अपघातातून गेलेली असेल तर तिच्या प्लास्टिकला डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते. म्हणून ती ओळखीच्या घरातूनच घ्यावी आणि ‘गाडीला कधी धडक बसली होती का?’ असं स्पष्ट विचारावं. सीटच्या पाठीवर किंवा तळाला मुदतीची तारीख कोरलेली असते का, हेही पाहावं. परदेशातल्या मुलाने आणलेली सीट असेल, तर तिच्यावर ‘आर ४४’ किंवा ‘आर १२९’ असा युरोपीय मानकाचा शिक्का आहे का ते तपासावं. अमेरिकन सीटवर हा शिक्का नसतो, तिथलं मानक वेगळं आहे. कुठलाच शिक्का नसलेली सीट परत करावी.

पायरी २: माल कुणाचा आहे?

दिल्लीजवळच्या मेरठमधला सोतीगंज बाजार वर्षानुवर्षं चोरीच्या गाड्या कापून सुटे भाग विकण्यासाठी कुप्रसिद्ध होता. २०२१च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी तो बंद करवला. असा माल मोठ्या बाजारातून निघून आडगावच्या दुकानापर्यंत येतो, आणि शेवटचं गिऱ्हाईक त्याचा उगम विचारत नाही.

तो विचारावा, कारण कायदा आपल्यालाही विचारतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७नुसार चोरीची वस्तू आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असूनही, ती अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दहा हजारांची वस्तू दीड हजारात मिळत असेल, तर ‘पुरेसं कारण’ आपल्या हातातच आहे.

काही खुणा वस्तूच सांगते. म्युझिक सिस्टीमच्या मागच्या तारा कापलेल्या असतील तर थांबावं. मालकाने निवांत काढली असती, तर कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लास्टिकचा सांधा, नीट सोडवला असता. खरवडलेला सीरियल नंबर, एकट्याच विकल्या जाणाऱ्या आरशाच्या काचा आणि चारऐवजी दोनच अलॉय व्हील यांच्याबाबतीतही हाच संशय घ्यावा.

विकणाऱ्याकडे जुनं बिल मागावं. नसेल तर साध्या कागदावर वस्तूचं नाव, सीरियल नंबर, किंमत, तारीख, विकणाऱ्याचं नाव आणि सही घ्यावी. प्रामाणिक माणूस पाच मिनिटांत लिहून देतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये.

पायरी ३: आपल्या गाडीला बसेल का?

‘स्विफ्टचं आहे, बसेल’ एवढ्यावर विश्वास ठेवू नये. त्याच नावाची गाडी दर काही वर्षांनी बदलते आणि एका वर्षातही तिचे स्वस्त-महाग प्रकार वेगळे असतात. दुकानात जाण्याआधी आपल्या आरसीवरून गाडीचा नेमका प्रकार आणि निर्मितीचा महिना-वर्ष लिहून घ्यावं.

चाकासाठी तीन मापं लागतात. पहिलं, बोल्टची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. याला बाजारात पीसीडी म्हणतात. स्विफ्टला चार बोल्ट आणि १०० मिलिमीटर, तर क्रेटाला पाच बोल्ट आणि ११४.३ मिलिमीटर. दुसरं, मधल्या भोकाचा व्यास. ते मोठं असेल तर चाक बोल्टवर लोंबकळतं आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं. त्यासाठी मधे रिंग बसवावी लागते. तिसरं ऑफसेट, म्हणजे चाक आत किंवा बाहेर किती सरकून बसतं ते. हे चुकलं तर वळणावर टायर मडगार्डला घासतो.

चाकाचे नटही चाकाबरोबरच मागावेत. काहींचं टोक निमुळतं असतं, काहींचं सपाट. निमुळत्या खाचेत सपाट नट आवळला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चालता चालता ढिला होतो.

म्युझिक सिस्टीमची मापं सोपी आहेत. एक डिन म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटरची खाच, दोन डिन म्हणजे १८० बाय १००. पण अलीकडच्या गाड्यांचा पडदा डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला असतो. तो दुसऱ्या गाडीत बसत नाही, आणि बसवलाच तर कंपनीचा कोड मागून गप्प होतो. कोड लिहिलेलं कार्ड मिळत नसेल तर असा पडदा घेऊ नये.

मॅटचं माप कुणी घेत नाही आणि धोका नेमका तिथेच आहे. २००९च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात टोयोटाच्या लेक्सस ब्रँडच्या एका गाडीत त्याच ब्रँडच्या दुसऱ्या मॉडेलची मॅट टाकलेली होती. ती ॲक्सिलरेटरमध्ये अडकली, गाडी थांबेना आणि चौघांचा जीव गेला. त्यानंतर टोयोटाने मॅटच्या कारणासाठी अडतीस लाखांच्या आसपास गाड्यांच्या मालकांना सूचना दिल्या. म्हणून ड्रायव्हरच्या बाजूची मॅट गाडीतल्या हुकात अडकते का आणि पेडल पूर्ण दाबल्यावर तिला टेकतं का, हे स्वतः पाहावं. जुन्या मॅटवर नवी मॅट कधीही टाकू नये.

पायरी ४: दिवसाउजेडी, हातात घेऊन तपासणी

टायरवर त्याची जन्मतारीख असते. कडेच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे शोधावेत. ‘२३१९’ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. कधी कधी हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा आतली बाजूही पाहावी. जाडजूड खाचा बघून भुलू नये. भिलाईच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेल्या टायरचं रबर न चालवताही कडक होतं. बोटाने दाबून बघावं आणि काळं पॉलिश ओल्या फडक्याने पुसावं. बारीक भेगा पॉलिशखालीच लपतात.

खाचांच्या तळाशी आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात. खाच १.६ मिलिमीटरवर आली की रबर या पट्टीच्या पातळीला येतं. तेव्हा टायर संपला. आतल्या बाजूने हात फिरवून पंक्चरचे पॅच आणि फुगवटे शोधावेत. कडेच्या भिंतीला पंक्चर झालेला टायर घेऊ नये, तिथला जोड टिकत नाही.

टायरवरच्या मापाशेजारी ‘८५ टी’सारखं लिहिलेलं असतं. पहिला आकडा एका टायरवर किती भार चालतो ते सांगतो: ८२ म्हणजे ४७५ किलो, ८५ म्हणजे ५१५ किलो. अक्षर वेगाचं: ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटर. आपल्या गाडीच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर जे लिहिलंय त्यापेक्षा कमी आकडा चालत नाही. दिवाळीला पाच माणसं आणि सामान घेऊन नागपूरचा अडीचशेहून अधिक किलोमीटरचा पल्ला गाठताना हा फरक कामाला येतो.

अलॉय व्हील उलटं करून आतली बाजू पाहावी. वाकलेलं चाक तापवून सरळ करतात, तडा वेल्डिंगने भरतात आणि वर रंग मारतात. रंगाची एखादी ताजी पट्टी किंवा जाडसर ओघळ दिसला तर समजून जावं. पैसे देण्याआधी चाक टायरच्या दुकानातल्या बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्यावं. डोलणारं चाक मशीनवर लगेच उघडं पडतं.

म्युझिक सिस्टीम दुकानदाराच्या बॅटरीवर जोडून किमान वीस मिनिटं चालू ठेवावी. गरम झाल्यावर बंद पडणारी सिस्टीम पहिल्या पाच मिनिटांत गुणी वागते. चारही स्पीकर, रेडिओ, ब्लूटूथ, रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र, सगळं एकेक करून बघावं. आधीच्या मालकाचे फोन नंबर त्यात असतील तर ते पुसून टाकावेत.

डॅशकॅमच्या, म्हणजे समोरचा रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या, आत छोटी बॅटरी असते. काचेखालच्या उन्हात ती फुगते. कॅमेऱ्याची पाठ सपाट आहे का, हे बोट फिरवून पाहावं, आणि मेमरी कार्ड मात्र नवंच घालावं.

बॅटरी घ्यायचीच असेल तर रात्रभर काही न जोडता ठेवलेल्या बॅटरीचं मीटरवर वाचन घ्यावं. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२च्या आसपास म्हणजे रिकामी. पण व्होल्टेज बरोबर असूनही गाडी सुरू करताना ती दम सोडू शकते, म्हणून दुकानातल्या लोड टेस्टरने तपासून घ्यावी. वॉरंटी कार्ड नसेल तर भाव भंगाराइतकाच धरावा.

सीट कव्हर घेताना आपल्या सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी छोटी पट्टी शिवलेली आहे का ते पाहावं. असेल तर साइड एअरबॅग तिथूनच फुटून बाहेर येते. जाड, अखंड शिवणीचं कव्हर तिला अडवतं.

पायरी ५: कायद्यात बसतं का?

काही वस्तू स्वस्तात फिरतात, कारण त्या कुणाच्या तरी गाडीवरून काढायला लावलेल्या असतात. पुढचा लोखंडी बंपर गार्ड त्यांतला मुख्य. २०१७च्या डिसेंबरमध्ये केंद्राने सर्व राज्यांना कळवलं, की हा गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या विरुद्ध आहे. धडकेचा जोर शोषण्यासाठी गाडीचा पुढचा भाग चेपावा लागतो आणि त्यावरूनच एअरबॅगचे सेन्सर काम करतात. गार्डमुळे तो हिशेब बिघडतो, आणि पादचाऱ्याला लागतं ते वेगळंच.

दाराची जुनी काच घेताना गडद रंगाची घेऊ नये. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. कर्कश किंवा अनेक सुरांचे हॉर्न आणि समोरच्याचे डोळे दिपवणारे बल्बही नियमात बसत नाहीत.

एक गोष्ट भिलाईतल्या मराठी घरांना विशेष लागू पडते. सीजी ०७ क्रमांकाची गाडी घेऊन आपण महाराष्ट्रात राहायला गेलो आणि ती बारा महिन्यांपेक्षा जास्त तिथे ठेवली, तर तिची पुन्हा नोंदणी करावी लागते. त्या वेळी गाडीवरचं बेकायदा सामान डोळ्यांत भरतं आणि उतरवावंच लागतं.

पायरी ६: पैसे देताना

मोबाइलवरच्या जाहिरातीतली नेहमीची फसवणूक अशी: विकणारा स्वतःला लष्कराचा किंवा सीआयएसएफचा जवान म्हणवतो, बदली झाली म्हणून घाईत विकतोय असं सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो आणि ‘गेट पास’ किंवा ‘ट्रान्सपोर्ट’साठी आगाऊ पैसे मागतो. भिलाईत हे चटकन पटतं, कारण इस्पात संयंत्राची सुरक्षा सीआयएसएफकडेच आहे आणि बदल्या आपण रोज पाहतो. वर्दीचा फोटो म्हणजे माणूस नव्हे. वस्तू हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. पैसे ‘मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवावा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावं.

पायरी ७: बसवताना

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो तो या पायरीवर. वस्तू स्वस्त मिळते, पण कपलर, पट्टी, फ्रेम, रिंग आणि मजुरी मिळून नव्याच्या भावाला पोचते.

तारा कापून, पिळून, वर टेप गुंडाळून जोडणाऱ्या मिस्त्रीला थांबवावं. आपल्या गाडीचा कपलर वेगळा विकत मिळतो, त्याने गाडीची मूळ तार शाबूत राहते. तार कापली की त्या भागावरची कंपनीची वॉरंटीही अडचणीत येते. बहुतेक जुन्या सिस्टीममध्ये पिवळी तार बॅटरीची, लाल किल्ली फिरवल्यावर चालू होणारी आणि काळी अर्थची असते. पिवळी आणि लाल एकत्र पिळली, तर गाडी बंद असतानाही सिस्टीम बॅटरी शोषत राहते आणि चार दिवसांनी गाडी सुरू होत नाही.

दिव्यांच्या बाबतीत थोडं गणित. ६० वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर १० ॲम्पिअर विद्युतप्रवाह ओढतात, १०० वॅटचे दोन साधारण १७. मूळ तार आणि स्विच दहाच्या हिशेबाने बनवलेले असतात. जादा प्रवाहाने तार तापते, होल्डर वितळतो आणि आग लागू शकते. जादा फॉग लॅम्प लावायचेच असतील तर रिले, म्हणजे मोठा प्रवाह स्वतःवर घेणारा वेगळा स्विच, आणि स्वतंत्र फ्यूज लावूनच लावावेत. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं म्हणजे पहारेकऱ्यालाच हाकलणं.

चाकं बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यावेत. ताशी ८०च्या आसपास स्टिअरिंग थरथरतं का, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का, हे रिकाम्या रस्त्यावर बघावं.

पायरी ८: विमा आणि शेवटचा हिशेब

गाडीच्या विम्यात कंपनीने मूळ बसवलेल्या वस्तूच धरलेल्या असतात. आपण नंतर लावलेली म्युझिक सिस्टीम चोरीला गेली, तर ती आधी विमा कंपनीला कळवून जोडलेली असेल तरच भरपाई मिळते. विद्युत ॲक्सेसरीजसाठी जुन्या मोटार टॅरिफप्रमाणे वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के प्रीमियम आकारला जातो. किंमत ठरवायला बिल लागतं. म्हणून दुसऱ्या पायरीवर घेतलेला सहीचा कागद जपून ठेवावा आणि विमा कंपनी तो मान्य करते का, हे नूतनीकरणाच्या वेळी विचारून घ्यावं.

शेवटी कागदावर चार आकडे मांडावेत: वस्तूची किंमत, बसवण्याचा खर्च, तपासणीचा खर्च आणि ती बिघडली तर पुन्हा काढण्याचा खर्च. ही बेरीज नव्याच्या दोन तृतीयांशापुढे गेली तर नवीच घ्यावी, कारण उरलेल्या एका भागात आपल्याला वॉरंटी मिळते. बेरीज त्याखाली असेल, वस्तू पहिल्या पायरीच्या यादीत नसेल आणि विकणाऱ्याने हसतमुखाने सही दिली असेल, तर सौदा निर्धास्त करावा.